फाउस्तिनोविरुद्ध माझे दोन डोळे

२९ जुलै, सकाळी ७
काल पेरूच्या राष्ट्रीय दिनानिमित्त गल्लीची सभा. गल्लीच्या तोंडाशी लोखंडी गेट बसवावे की नाही, या प्रश्नावर मी पन्नास मिनिटे बोललो. तीन भाग: आवश्यकता, वैधता, सौंदर्य. शेवटी फाउस्तिनो चोकेवांका उभा राहिला. हा वेल्डर, याचे वर्कशॉप माझ्या दारासमोर. म्हणाला की डॉक्टर, सगळं पटलं, पण गेट हवंय की नकोय, तेवढं सांगा की.

साठ माणसे हसली. माझी धाकटी बहीण दोमितिलाही हसली. तिच्या मते तो खोकला होता.

(मी रोगी तपासत नाही. चाळीस वर्षे तर्कशास्त्र आणि कायदा शिकवला, म्हणून अरेकिपा शहर मला डॉक्टर म्हणते. योग्यच म्हणते.)

संकल्प: वीस ऑगस्टच्या आत फाउस्तिनोचे वर्कशॉप बंद. यात राग नाही. ही केवळ प्रमाणबद्ध परतफेड आहे.

३० जुलै
वस्तीच्या न्यायाधीशांकडे तक्रार दाखल. सुनावणी वीस ऑगस्टला, सकाळी दहाला. मुद्दा: प्रतिवादी पडदा न लावता उघड्यावर वेल्डिंग करतो. त्यासाठी प्रत्यक्षदर्शी साक्षीदार हवा. सुदैवाने मी आहे.

खुर्ची खिडकीत मांडली. दोमितिलाचे म्हणणे असे की दादा, त्या उजेडाकडे बघू नकोस, रस्त्यावरची पोरंसुद्धा तोंड फिरवतात. उत्तर दिले की पोरांची केस कोर्टात नाही.

३१ जुलै
निरीक्षण ९.१० ते १२.४० आणि ३ ते ५. पहिल्या तासात चौसष्ट झगझगाट. तयार होत असलेली वस्तू: लांब, तिरपी, कमरेएवढी उंच, तूर्त चार उभे गज. उपयोग अज्ञात, अर्थात बेकायदा. प्रतिवादी काम करताना तोंडावर काळ्या काचेचा मुखवटा घालतो. निर्दोष माणसाला तोंड लपवण्याचे कारण काय?

साडेबाराला त्याने मुखवटा वर करून मला ओरडून सांगितले की अहो शेजारी, काचेशिवाय बघू नका, डोळे भाजतील. चार साक्षीदारांदेखत दिलेली धमकी. तक्रारीचा परिच्छेद नऊ.

१ ऑगस्ट, सकाळी ६
रात्री दोनला जाग आली. दोन्ही डोळ्यांत कोणी मूठभर वाळू घालून पापण्या चोळाव्यात, तसे. पाण्याच्या धारा. दिवा लावला तर सुई टोचल्यासारखे झाले.

कारणमीमांसा. कारण हे कार्याच्या लगेच आधी असते. वेल्डिंग पाचला थांबले, वेदना दोनला सुरू झाली. मध्ये नऊ तास. म्हणून वेल्डिंग हे कारण नव्हे. लगेच आधी काय घडले? नऊ वाजता मी भरलेली रोकोतो मिरची खाल्ली. ती कोणी पाठवली? फाउस्तिनोची बायको एदुविखेस हिने. निष्कर्ष उघड आहे.

दोमितिलाने दोन खाल्ल्या. ती ठणठणीत आहे. तिची पचनशक्ती पूर्वीपासून चांगली, युक्तिवाद अबाधित.

२ ऑगस्ट
एदुविखेसने कच्च्या बटाट्याच्या पातळ चकत्या पाठवल्या. पापण्यांवर ठेवायच्या. वर्कशॉपमधले सगळे हेच करतात म्हणे. शत्रूच्या स्वयंपाकघरातून आलेला बटाटा मी डोळ्यांवर ठेवणार नाही, असे स्पष्ट सांगितले आणि झोपलो. झोपेत दोमितिलाने ठेवल्या. थंड वाटले. फायदा झाला असे मी कबूल करत नाही. वाळेपर्यंत राहू दिल्या, इतकेच.

संध्याकाळपर्यंत डोळे उघडले. म्हणजे प्रकृती मुळातच उत्तम.

४ ऑगस्ट
आजपासून शास्त्रीय संरक्षण. दोन वर्षांपूर्वी दारासमोरच्या सात पायऱ्यांवरून मी घसरलो होतो, तेव्हाचा माझ्या कमरेचा एक्स-रे सापडला. तो डोळ्यांसमोर धरून पाहतो. माझ्याच हाडांमधून मी न्याय पाहीन.

वस्तूचे सात गज झाले. दुपारी फाउस्तिनो ओरडला की शेजारी, तुमचं कंबरडं इथून झकास दिसतंय, एखादा टाका मारून देऊ का? सगळे वर्कशॉप हसले. परिच्छेद चौदा. त्या प्रत्येक हसणाऱ्याला मी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे करीन, आणि तिथे कोणाला हसू येते ते पाहीन.

५ ऑगस्ट
पुन्हा डोळे. पुन्हा तीच वेळ. काल मिरची खाल्ली नव्हती. यावरून विष शरीरात साठून राहणारे आहे, हे सिद्ध होते.

६ ऑगस्ट
दोमितिलाने दवाखान्यात ओढून नेले. डोळ्यांची डॉक्टर निएवेस रोंदोन ही माझी जुनी विद्यार्थिनी. वैद्यकीला जाण्यापूर्वी हिने माझ्याकडे तर्कशास्त्र घेतले होते. वीसपैकी अकरा दिले होते, काठावर पास.

तिने आधी एक थेंब घातला. क्षणात वेदना नाहीशी. विचारशक्ती परत आली. मग पिवळा रंग घालून निळ्या उजेडात पाहिले आणि निदान सांगितले: बुबुळावरच्या काचेसारख्या आवरणावर टाचणीने टोचल्यासारखे शेकडो ठिपके आहेत, आणि पांढऱ्या भागावरचा पडदाही सुजला आहे. कारण वेल्डिंगचा उजेड. उन्हाने कातडी भाजते तसा डोळा भाजतो आणि दुखणे सहा ते बारा तासांनी सुरू होते. उपाय: अंधार, विश्रांती, डोळा ओला ठेवणारे ड्रॉप्स, मलम. दोन-तीन दिवसांत आपोआप भरून येईल. फक्त सर, तिकडे बघू नका.

मी त्या पहिल्या थेंबाची बाटली मागितली. नाही म्हणाली. ते तपासण्यापुरतं असतं सर, डोळा बधिर होतो; रोज घातलंत तर जखम भरायची नाही, कळायचंही नाही, आणि डोळा जाईल.

या विधानातील दोष असा. वेदना हा रोग. जे वेदना घालवते ते औषध. तो थेंब वेदना घालवतो. म्हणून तोच औषध. अकरा दिले ही माझी चूक. नऊ द्यायला हवे होते.

७ ऑगस्ट
काळा चष्मा लावून बाजारातल्या औषधांच्या दुकानात गेलो. मालकाने या डॉक्टर, बसा डॉक्टर, केले. दवाखान्यातल्या बाटलीवर वाचलेले नाव सांगितले. त्याने चिठ्ठी मागितली नाही. डॉक्टरकडे चिठ्ठी कोण मागतो? मी खोटे एक अक्षर बोललो नाही. तो चुकला, आणि त्याची चूक मी जशीच्या तशी राहू दिली.

१० ऑगस्ट
थेंब दर दोन तासांनी. डोळे अप्रतिम. एक्स-रेची गरज उरली नाही. रोज आठ तास निरीक्षण.

अकरा गज पूर्ण. खालच्या टोकाला प्रतिवादीने लोखंडाचे द्राक्षाचे पान घडवले. एका पानावर अख्खी दुपार! असा माणूस धंदा करण्यास अपात्र आहे, हा स्वतंत्र मुद्दा. तक्रार आता एकेचाळीस पाने.

दोमितिला सकाळी दारासमोरच्या पायऱ्या टेपने मोजत होती. म्हणे धुवायच्या आहेत. मग तडक समोर एदुविखेसकडे गेली. घरातील फितुरीची नोंद घेतली.

१३ ऑगस्ट
दुसरी बाटली. थेंब दर अर्ध्या तासाने. औषधाची गरज वाढते याचा अर्थ ते काम करत आहे. फाउस्तिनो आता मला दोन दिसतात. दोघांचाही पराभव करीन.

१५ ऑगस्ट
शहराचा वाढदिवस. आतषबाजी. प्रत्येक दिव्याभोवती कडे दिसत होते, आणि उजव्या डोळ्यासमोर दुधासारखे काही. धुके असावे. ऑगस्टमध्ये इथे धुके पडत नाही. यंदा पडले असावे.

१६ ऑगस्ट (फूटपट्टी धरून, न पाहता लिहितो)
सकाळी पायऱ्या उतरताना दोन पायऱ्या एक वाटल्या. पडलो नाही, कारण कोणीतरी धरले. त्या हाताला लोखंडाचा वास होता.

फाउस्तिनोने त्याच्या ट्रकमधून दवाखान्यात नेले. मी विरोध नोंदवला. ट्रक सुरू असल्याने कोणाला ऐकू गेला नाही. निएवेसने माझ्या कोटाच्या खिशातून बाटली काढली. लेबल वाचले. मग विचारले की सर, किती वेळा घालत होता? मी म्हणालो, आवश्यकतेनुसार. तिने बाटली कचऱ्याच्या डब्यात टाकली.

उजव्या बुबुळावरच्या काचेवर व्रण आहे. डावा थोडक्यात वाचला. रोज तपासणी, दर तासाला प्रतिजैविकाचे ड्रॉप्स, रात्रीही. व्रण मिटला तरी डाग राहील. डाग मधोमध राहिला तर त्या डोळ्याने वाचता येणार नाही. कळायला पंधरा दिवस लागतील.

फाउस्तिनो कोपऱ्यात माझी टोपी धरून उभा होता. निएवेसला म्हणाला, डॉक्टरीणबाई, आमच्याकडे नवा आलेला माणूस पण एकदा असं बघतो. पण दुसऱ्यांदा नाही बघत हो.

हे वाक्य तक्रारीत घालायचे आहे. पण लिहिलेले मला वाचता येत नाही.

१८ ऑगस्ट
ड्रॉप्सच्या पाळ्या: दिवसा दोमितिला, रात्री एदुविखेस. एदुविखेसचा हात स्थिर आहे, हे निरीक्षण म्हणून नोंदवतो. घालताना म्हणते की वर बघा डॉक्टर, वर, देवाकडे. माझ्या नवऱ्याकडे पुष्कळ बघून झालं.

कालपासून समोर शांतता. दोमितिलाकडून कळले की वर्कशॉपला कुलूप आहे. म्हणजे वीस ऑगस्टच्या आत वर्कशॉप बंद: संकल्प सिद्ध!

दोमितिलाने पुढे असेही सांगितले की उजेडाने तुझे डोळे दुखू नयेत म्हणून त्याने तीन दिवस काम बंद ठेवलंय, हातातली गिऱ्हाईकं सोडून. हेतू गौण आहे. वर्कशॉप बंद आहे.

आनंद अपेक्षेइतका झाला नाही. ड्रॉप्सचा परिणाम असावा.

१९ ऑगस्ट
दुपारभर आमच्याच दाराशी ड्रिल आणि हातोडा. प्रतिवादी पुरावा नष्ट करत आहे, यात शंका नाही. दोमितिला म्हणाली, नळवाला आलाय. नळवाल्याने काम संपल्यावर खालून विचारले की शेजारी कसे आहेत?

२० ऑगस्ट, संध्याकाळ (फूटपट्टी)
साडेनऊला निघालो. उजव्या डोळ्यावर झाकण. डाव्याने फक्त उजेड आणि सावली. काखेत एकेचाळीस पाने. तोंडपाठ केलेले पन्नास मिनिटांचे भाषण डोक्यात.

पहिल्या पायरीवर हात सवयीने हवेत गेला आणि लोखंडाला लागला. कमरेएवढे उंच. उताराबरोबर तिरपे. उतरताना मोजले. सात पायऱ्या, अकरा गज. शेवटी बोटांना पान लागले, द्राक्षाचे, शिरासुद्धा कोरलेल्या होत्या. तिथे थोडा वेळ उभा राहिलो.

खालून फाउस्तिनो म्हणाला, शेजारी, सावकाश, रंग ओला आहे अजून. दोमितिलाबाईंनी जुलैपासून मागं लावलं होतं, म्हातारा परत पडेल म्हणून. मी म्हटलं, पान माझ्याकडून.

कोर्टात मला माझेच पहिले पान वाचता येईना. फाउस्तिनो उठून म्हणाला, आणा, मी वाचतो, त्यात काय. त्याने आपल्याविरुद्धची तक्रार मोठ्याने, शब्दाशब्दाला बोट लावून वाचली. परिच्छेद नऊपाशी न्यायाधीशांनी थांबवले आणि मला विचारले की यांनी बघू नका असं सांगितलं, म्हणून तुम्ही तक्रार केलीत? मी म्हणालो, संदर्भ पाहावा लागेल. मग त्यांना माझा तळहात दिसला. हिरवागार. हे काय, विचारले.

मी म्हणालो, कठडा. तक्रारीतली वस्तू.

न्यायाधीशांनी विचारले की मग डॉक्टर, तो हवा आहे की नको?

आवश्यकता, वैधता, सौंदर्य. तिन्ही भाग तयार होते.

म्हणालो, हवा.

तक्रार निकाली. एकूण पंधरा मिनिटे लागली. कोणी हसले नाही. मी कान देऊन ऐकत होतो. फाउस्तिनोने एकेचाळीस पाने एकही न चुरगळता परत दिली आणि अक्षर सुंदर असल्याचे सांगितले.

परतताना निएवेसकडे तपासणी. उजव्या डोळ्याला तिचा हात दिसला. बोटे किती, ते सांगता आले नाही. अकरा म्हणालो.

तळहाताचा रंग रॉकेलने निघतो म्हणे. दोमितिलाने बाटली आणून ठेवली आहे. मी तिला सांगितले की आज या घरात कोणतीही बाटली उघडायची नाही.