लाकडी मुठीचा स्क्रूड्रायव्हर

उस्ताद, कंपनीने दिलेल्या काचेच्या केबिनची खरी किंमत परवा लावून पाहिली. अकरा वर्षं मशीनला हात नाही, रोज बीपीची एक गोळी, आणि घरात चढ्या आवाजात बोलायची सवय. बायको म्हणते, "इथे मीटिंग चालू नाहीये." शुक्रवारी ती केबिन सोडतोय. मेन्टेनन्स हेड म्हणून माझ्या नोटीस पीरियडचे तीन दिवस उरलेत, म्हणून तुम्हाला लिहायला बसलो. तुम्ही जाऊन चौदा वर्षं झाली. पण हे दुसऱ्या कोणाला सांगू?

बदलापूर गावातून अंबरनाथ एमआयडीसीत तुमच्या हाताखाली आलो तेव्हा मी एकोणीस वर्षांचा. तुम्ही लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक चालत्या मशीनच्या बेअरिंगपाशी टेकवता, लाकडी मूठ कानाला लावता, डोळे मिटता. मग मूठ माझ्या कानाशी देऊन म्हणता, "ऐक. काय बोलतंय?" मला त्या घरघरीत काहीच कळत नाही. मी म्हणतो, "ठीक आहे." तीच मूठ तुम्ही माझ्या डोक्यात हाणलीत. "कान काय बिडी अडकवायला ठेवलेत? ऐकू नाय आलं तर नाय आलं बोल. ठीक आहे बोलू नको." रिटायर झालात त्या दिवशी तोच स्क्रूड्रायव्हर फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिलात आणि चहा प्यायला निघून गेलात.

दोन-तीन महिन्यांपूर्वी मोठ्या मिक्सरच्या गिअरबॉक्समधलं बेअरिंग खरखरायला लागलं. केबिनमधून खाली उतरलो, तुमचा स्क्रूड्रायव्हर लावला, ऐकलं. खोलायचं तर दोन दिवस मशीन बंद. हेड ऑफिसचे साहेब स्क्रीनवरून फार गोड बोलले, "सर, तिमाही संपू द्या. तोवर रिपोर्टमध्ये नॉर्मल टाका ना." आणि मी टाकलं, माझ्या सहीने. नऊ दिवस त्या मिक्सरच्या बाजूला माणसं काम करत होती आणि खाली कुठे पत्रा जरी पडला तरी मी खुर्चीतून अर्धा उठत होतो. दहाव्या दिवशी कोणाला न विचारता मशीन बंद करायला लावलं. खोललं तर बेअरिंगच्या गोळ्या जागेवर धरून ठेवणारी केज तडकलेली. कोणाला खरचटलंही नाही. साहेबांनी मात्र उत्पादन का थांबवलं याचा लेखी खुलासा मागितला. मी खुलाशाऐवजी राजीनामा लिहून दिला.

आता अंबरनाथमध्येच आनंदनगरला दुरुस्तीकामासाठी एक गाळा घेतलाय. पहिलं गिऱ्हाईक म्हणजे उल्हासनगरचे एक सिंधी शेठ, त्यांचा जीन्स धुण्याचा कारखाना आहे. त्यांना छातीठोकपणे सांगून आलो, "शेठ, माझे कान अजून पंचवीस वर्षांच्या पोराचे आहेत. गेटवर उभा राहून सांगेन, कुठलं बेअरिंग गेलंय." ते हसले. "साईं, कान का चार्ज अलग लगाएगा क्या?" मीही हसलो. परतताना रिक्षात बोटांवर महिन्याचा खर्च मोजत बसलो. वय चोपन्न, मुलीचं शिक्षण अर्ध्यावर, आणि शुक्रवारनंतर ओळखपत्र नाही, पगार नाही, मागे कंपनीचं नाव नाही. जे काही चालायचं ते या कानांवर. बायकोने एवढंच विचारलं, "जमेल ना?" मी म्हणालो, "ठीक आहे."

हा कागद त्याच फडक्यात गुंडाळून ठेवतो. पण तुमच्यापाशी एक बोलायचं राहिलं. मिक्सरचा आवाज आधी शिफ्टच्या ऑपरेटरला ऐकू आला होता, मला नाही. त्याने बोलावलं म्हणून मी खाली गेलो. नेहमीसारखी मूठ उजव्या कानाला लावली, काहीच आलं नाही. डाव्याला लावली तेव्हा आलं. उजव्या कानाने मला आता कमी ऐकू येतं.