आवडाबाईची माळावरची जागा

कोलशेत, कार्तिक शुद्ध ७, शके १८१०

तीर्थरूप दादांच्या चरणी कलावतीचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

सगळे क्षेम लिहावे तर रतनचा दमा लिहू देत नाही. खाडीचा ओला वारा सुटला की पोर उशी छातीशी धरून बसूनच राहते. वैद्यबुवा म्हणतात, कोरड्या माळावर न्या. तुमच्याकडे पाठवावी, तर तुमचे घर बंदरालगत. भाऊबीजेला तिथेही तिला धाप लागलीच. इकडून मिठागरावरची कारकुनी सोडवत नाही.

विठ्ठलवाडीच्या माळावर आवडाबाईचे घर आहे, विहिरीला गोडे पाणी आहे, आणि विकावे की ठेवावे हे ती विधवा बाई तुम्हांलाच विचारते, असे तुम्हीच बोलला होतात. तिला एवढेच सांगा, की विक. आम्ही रास्त भावाने घेऊ. जागांची दलाली करणारा भाऊ असून भाचीला आडोसा मिळू नये का? वहिनींना सांगावे, पापड एकट्यांनी संपवू नयेत.

माया आटू देऊ नये, एवढेच मागणे.
आपली कलावती

कल्याण, कार्तिक वद्य १

चि. सौ. कलावतीस महिपतीचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

पापड तुझ्या वाटणीचे राखले आहेत. पुढचे लिहायला मात्र हात धजत नाही.

आवडाबाईकडे गेलो होतो. घेणारे माझे मेहुणे आहेत, तेव्हा या व्यवहारात माझा सल्ला धरू नका, दुसऱ्या कोणाला विचारा, असे स्वच्छ सांगितले. ती म्हणाली, मला दुसरे आहे कोण? मग खरे तेच सांगावे लागले. विहिरीवरच्या भाजीवर तिचे पोट आहे. विकून ती खाणार काय? विकू नका म्हणालो.

रतनचे दुखणे मुद्दाम काढले नाही. ऐकले असते तर तिच्याने नाही म्हणवले नसते. जी आपल्यावर विसंबली, तिच्यापुढे आजारी पोर उभे करून जागा सोडवायची, हे मला लुबाडणेच वाटते. दुसरे घर शोधतो आहे. रागाव, पण पोरीला जप.

तुझा दादा

कोलशेत, पौष शुद्ध १०

ती. दादांस सा. नमस्कार.

इकडून तुमचे नाव घरात काढू देत नाहीत, म्हणून हे चोरून लिहिते. टिटवाळ्याचे घर दाखवलेत, त्याच्या भिंतींना बुरशी होती. परक्या बाईचे पोट तुम्हांला दिसले, भाचीचा श्वास दिसला नाही. रतन मात्र विचारते, मामा रागावला का? मी तिला काय सांगू?

कलावती

कल्याण, माघ शुद्ध २

चि. सौ. कलावतीस आशीर्वाद.

घर मिळाले! माळाच्या वरच्या अंगाला आहे, अगदी कोरडे. मालकाशी बोलून ठेवले आहे, भाड्यानेच देतो. मी गाडी घेऊन येतो. मेहुण्यांच्या पाया पडेन. रतनला सांग, मामा रागावलेला नाही.

तुझा दादा

कोलशेत, फाल्गुन शुद्ध ५

दादांस कलावतीचा नमस्कार.

तुमची गाडी आली तेव्हा घरात रतनचे सुतक होते, म्हणून तुमच्याशी बोलणे झाले नाही. तुम्ही अंगणातूनच परत फिरलात, ते मी खिडकीतून पाहिले.

काल आवडाबाई आली. कल्याणच्या बाजारात तिला कळले म्हणे. एवढ्या लांबून आली आणि उंबऱ्याशी बसून राहिली. पाणीसुद्धा घेईना. मी तिला विचारले, दादांनी पोरीचे सांगितले असते तर घर विकले असते का? ती म्हणाली, नसतं इकलं बाय. पन पोरीची खाट वसरीवर टाकायला घर इकत कशाला घ्यायला लागतं?

तुम्हांला तरी बोल कसा लावू? मीही घर विकतच मागितले होते. चार महिन्यांसाठी एक खाट मागावी, हे मला तरी कुठे सुचले?

जाताना ती तुमची विचारपूस करत होती. तुम्ही तिच्याकडे हल्ली फिरकत नाही म्हणाली. तिला वाटते, तिचेच काही चुकले. एकदा जाऊन या.

कलावती