मांडीला पट्टा बांधल्यावर

ती. ताईस,

धाकट्याचा नमस्कार. तुझी कंबर कशी आहे विचारणार होतो, पण तू त्यावर चार पानं लिहिशील, म्हणून बरी असेल असं धरून चालतो. इकडे सगळं ठीक, माझा डावा पाय सोडून.

वरच्या फळीवरचा तागा ओढताना स्टुलावरून पडलो (कुणी ढकललं नाही, तुझी भावजय काय वाटेल ते सांगते) आणि गुडघ्यातली दोरी तुटली. डॉक्टरनं माझ्याच मांडीतली दुसरी काढून तिथं बसवली. ठिगळ चांगलं आहे, मी शिंपी आहे, मला कळतं. पण पडून पडून मांडी वाळली. महिन्याभरात भरली नाही तर पायाचं मशीन विसरा, असं व्यायामवाली बाई म्हणाली. मशीन विसरून काय करू, तुझ्याकडे येऊन बसू?

तर ही बाई मांडीला वरच्या अंगाला पट्टा बांधते आणि त्यात हवा भरते. रक्त आत येतं थोडं, बाहेर जायला अडतं, मग दीड किलो उचललं तरी मांडीला वाटतं पोतं उचललं. आधी तीस वेळा, मग पंधरा-पंधरा तीनदा. मला सगळं थोतांड वाटलं. चौथ्या दिवशी तीस झाले, मी थांबलो. पाय थांबला नाही. एकतीस, बत्तीस. बाई म्हणाली, स्नायू दमला की थरथरतो. थरथरू दे. पण थरथरण्याला ताल नसतो ताई, याला होता. दोन झटके, दम, एक झटका.

म्हणून परवा दुपारी तुझी भावजय बाहेर गेल्यावर मी तिचा रक्तदाब मोजायचा पट्टा मांडीला बांधला. (दंडाचा पट्टा मांडीला पुरला, बघ म्हणजे मांडी किती उरलीय.) किती हवा भरायची ते बाई यंत्रावर मोजून ठरवते. मी नुसता रबरी गोळा दाबत गेलो, पाय जांभळा दिसला तेव्हा थांबलो. मशीनवर बसलो. पाय गार, माझा वाटेना, कुणीतरी आपला ठेवून गेल्यासारखा. आणि तो चालायला लागला. दोन झटके, दम, एक झटका. दोरा ओवलेला नव्हता, कापड नव्हतं.

आपले वडील, अण्णा, जाईपर्यंत मशीन असंच चालवायचे, त्यांचा तो पाय अधू होता म्हणून. तू त्या मशीनखाली झोपायचीस, तुला माझ्यापेक्षा जास्त आठवेल.

मी म्हटलं, "अण्णा, दुकान मी बघतोय. तुम्ही उठा आता."

पाय थांबला. मग दुप्पट वेगानं सुटला.

बरं, हे असं आहे. भावजयीला कळवू नकोस, ती आधी शेजारणीला सांगेल आणि मग डॉक्टरला.

तुझा,
धाकटा

ता. क. मांडी अर्धा इंच भरली. टेपनं मोजली. (बाई म्हणेल सूज आहे. म्हणू दे.)

आणखी एक. भीती वाटते म्हणून लिहीत नाहीये. बाईनं बजावलंय, पट्टा मिनिटं मोजून सोडायचा, नाहीतर पाय कायमचा जाईल. मला ते कळतं. परवा पाऊण तास ठेवला, काल त्याहून जास्त. सोडला की अण्णा जातात. माझ्याच्यानं सोडवत नाही. तू पहिल्या गाडीनं ये आणि तू सोड. तुझं ते ऐकायचे, माझं कधी ऐकलंय?