खालून वर वाचलेला पेपर

तीर्थस्वरूप दादास,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार (कमरेत उसण भरली आहे, त्यामुळे तूर्त कागदावरच). तुझा गुडघा काय म्हणतो? वहिनींचा खोकला? सहा महिन्यांत विचारलं नाही, तेव्हा सगळी चौकशी एकदम करतो आहे. मी बरा आहे. म्हणजे कालपर्यंत होतो.

त्या रविवारी निवडणुकीवरून तुझ्याकडे जे झालं, ते पुन्हा उगाळत नाही. (मूठ तू आपटलीस आणि चहा माझ्या मांडीवर सांडला, एवढंच नमूद करतो.) पुन्हा या घरची पायरी चढणार नाही म्हणून निघालो आणि जिन्यातच ठरवलं, ज्या राजकारणापायी सख्खा भाऊ दुरावला त्याचं तोंड बघायचं नाही. टीव्हीवर चादर टाकली. रेडिओ शेजारीणबाईंना देऊन टाकला. पण पोटापाण्याचं काय? तुझा भाऊ पडला वर्तमानपत्रातला मुद्रितशोधक. रोज आठ पानं डोळ्यांखालून घालायची आणि चुका काढायच्या. दारूच्या दुकानात नोकरी करून दारू सोडण्यातलाच प्रकार!

शेवटी आमच्या खात्यातली जुनी युक्ती कामी आली. मजकुरात गुंतलं की चुका निसटतात, म्हणून जुनी माणसं अवघड प्रूफ शेवटच्या शब्दापासून पहिल्याकडे वाचत. मी अख्खा पेपरच तसा वाचू लागलो. शब्द दिसतो, अर्थ लागत नाही. पूल कोसळला की मंत्रिमंडळ, मला पत्ता नाही. चुका इतक्या सापडू लागल्या की संपादकांनी पाठ थोपटली. रक्तदाबही उतरला. वाचलेली चीड मी चैनीत घालवू लागलो: दुपारी बेकरीतला लोणी लावलेला गरम पाव, बागेतलं बाकडं, बुटांतून मोकळे केलेले पाय आणि पंधरा मिनिटं कोणाशीही न बोलणं. (दुसरा पाव घेतला तर स्वतःशीसुद्धा नाही.)

खरं सांगू दादा? पाव गोड लागायचा, पण पुरा कधी संपवला नाही. तुला कडेचा कडक तुकडा आवडतो म्हणून मी तो उगाच बाजूला काढून ठेवायचो. मग चिमण्या न्यायच्या.

काल बेकरीवाल्याने पाव बांधून दिला तो आमच्याच पेपरच्या जुन्या पानात. हात लोण्याचे, पान मांडीवर, आणि चवीने खाताना माणूस सरळच वाचतो. छोट्या जाहिरातींत, कोणाचा तरी जुना पंखा विकणे होता, त्याच्या खाली चौकट होती: "धाकट्या, पुरे झालं. रविवारी चहाला ये. टीव्ही बंद ठेवीन. दादा."

उरलेला पाव चिमण्यांना टाकून तसाच कार्यालयात धावलो (बूट बाकड्याखालीच राहिले). जाहिरातींच्या खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, "ते काठीवाले आजोबा ना? पाच महिने दर गुरुवारी येतात. वाचेल ना हो नक्की, म्हणून विचारतात. मी म्हणते, निर्धास्त राहा, आमचे मुद्रितशोधक एक अक्षर सोडत नाहीत."

वीस वेळा, दादा! वीस वेळा तू हाक मारलीस, आणि वीसही वेळा मी ती खालून वर तपासून, सही ठोकून छपाईला पाठवली. मला माझीच लाज वाटते. तू मात्र दर रविवारी दोन कप मांडून बसला असशील, हे काही डोळ्यांपुढून हलत नाही.

वहिनींना नमस्कार.

अक्षरन् अक्षर वाचूनही अडाणी राहिलेला,
तुझा धाकटा

ता. क. रविवारी येतो. पाव मी आणतो, कडेचा तुकडा तुझा. माझा कप अर्धाच भर, तुझ्या मुठीचा भरवसा नाही.

ता. क. २. त्या निवडणुकीत शेवटी कोण आलं, ते मला अजून ठाऊक नाही. सांगूही नकोस. (तुझा माणूस पडला असेल तर वहिनींनी नुसती खूण करावी.)

ता. क. ३. बाईंनी तुझ्या हातचा मूळ कागद दाखवला. त्यात "ये, ये" असं दोनदा होतं. एकच शब्द लागोपाठ दोनदा आला की दुसरा कापायचा, ही माझी खोड. वीसही वेळा तो मीच कापला. तेव्हा या रविवारी येतो, आणि पुढच्याही.