पृथ्वीचा आवाज

३ जानेवारी १९८५

तालीम पुन्हा सुरू! माझी बायको, रंभा, गेल्यावर या नाटकाला हात लावणार नाही म्हणालो होतो. पण शंकरपटाच्या खेळाची सुपारी दिवाळीआधीच घेतलेली. बैलांच्या शर्यती संपल्या की माणसं नाटकालाच थांबतात, त्यांना काय सांगणार? लहानू येऊन गेला. जाताना म्हणाला, "आपलं जहाज पडून हाये देवरावभाऊ. पाखरं बसून राह्यली त्याच्यावर."

जहाज म्हणजे माझीच बैलबंडी — वर बांबू आणि तेलाच्या डब्यांचे पत्रे. मागच्या साली आपला माणूस अंतराळात जाऊन आला, तेव्हा हे नाटक सुचलं. मीठ, कापड, धानाचं बियाणं घेऊन व्यापारी नव्या ग्रहावर निघतात आणि वाटेत लुटारू गाठतात. मी कप्तान, लहानू लुटारूंचा सरदार. अख्ख्या झाडीपट्टीत असं नाटक कोणी केलं असेल तर दाखवा!

५ जानेवारी

लुटारू घेरतात तेव्हा पृथ्वीवरून एक बाई रेडिओवर बोलते, कप्तानाला सुटायची वाट सांगते. तो आवाज रंभाचा. दसऱ्याला लहानूच्या टेपवर भरून घेतला होता. दिवाळी झाली, ताप तिच्या डोक्यात चढला, आणि दवाखाना गाठायच्या आत सगळं संपलं.

आज लहानूने कॅसेट लावली. मला एक वाक्य बोलता आलं नाही. खांद्यावरचा दुपट्टा तोंडात कोंबून रडलो. लहानूने कॅसेट बंद केली.

६ जानेवारी

नागपूरच्या इंदुताई, आमच्या नाटकातल्या नटी, आवाज नव्याने भरून देते म्हणाल्या. चांगल्या मनाने म्हणाल्या. मी उगीच खेकसलो.

९ जानेवारी

दिवसभर कॅसेट ऐकली. सेल उतरले.

काय बोलली आहे! "व्यापारी जहाजास माझा आवाज ऐकू येत आहे काय?" सुरुवातीला म्हणायची, "आवाज येऊन राह्यला का जी?" मी म्हणालो, अगं, ही पृथ्वी बोलते आहे, आपलं गाव नाही, नीट बोल. तर म्हणते, "मंग आपलं गाव पृथ्वीवर नाई का?" पोट धरून हसलो. पण घोकून घेतलंच. शेवटी अशी बोलली की रेडिओवरच्या बातम्यावाल्या बाईने पाणी भरावं.

माझी रंभा. कुठे शोधू आता तिला?

१२ जानेवारी

धानोऱ्याकडे सासूबाईंना भेटून आलो. पोर गेल्यापासून बायनाबाई धड जेवत नाहीत. लग्नाचा फोटो उशाला आहे, पण मोतीबिंदूमुळे काही दिसत नाही. कान मात्र शाबूत. मी म्हटलं, रंभाचा आवाज आहे माझ्याकडे. उठून बसल्या, माझा हात धरला. "एक डाव ऐकव बापू. मंग मेली तरी चालन."

म्हटलं, घरात कशाला, मांडवात ऐका. भोंग्यावर. तुमची पोर एवढ्या माणसांसमोर बोलेल!

१९ जानेवारी

उद्या खेळ. सासूबाईंना बंडीत गादी घालून आणलं. नवं लुगडं नेसल्या आहेत. आज पोटभर जेवल्या!

२१ जानेवारी

खेळ झाला. मुंगीला शिरायला जागा नव्हती. लहानूचे लुटारू बघून पोरं आयांच्या कुशीत शिरली. मग भोंग्यातून रंभा बोलली. मी कुठेच अडखळलो नाही. तिच्या प्रत्येक बोलण्याला उत्तर दिलं, घरात द्यायचो तसं. जहाज सुटलं! लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि मला वाटलं, तेवढ्यापुरती ती आली होती.

सासूबाई पुढेच बसल्या होत्या, पदर कानामागे सारून. लोक उठून गेले तरी हलल्या नाहीत. रंग न पुसताच जाऊन त्यांच्या पाया पडलो.

पुढचं आज लिहवत नाही.

२२ जानेवारी

पाया पडलो तेव्हा त्यांनी माझं तोंड चाचपलं. म्हणाल्या, "आता तं सारे लोकं गेले ना बापू? माही रंभा कवा बोलन?"