हिरव्या जमिनीचं यान

प्रिय युसूफ,

‘ध्रुवयात्री’ परत सुरू झाली आहे. तू गेलास आणि थोड्याच दिवसांत जाहीर झालं. आता दर रविवारी मोबाइलवर एक भाग येतो, आणि येत्या रविवारी शेवटचा आहे. कॅप्टन निशांत त्या काळ्या ग्रहावरून परत येतो की नाही, ते त्यात कळणार. म्हणून आज लिहायला बसलो. एवढी मोठी गोष्ट तुला न सांगता कशी बघू?

आधीच सांगतो, ती आपली मालिका राहिलेली नाही. सगळं चित्रांचं केलंय. कॅप्टनचं काम करणारा नट आता हयात नाही म्हणे. चित्रातला कॅप्टन तरणाबांड आहे, दाढी कोरलेली, आवाज भलत्याचाच. हुकूम सोडण्याआधी आपला कॅप्टन खाकरायचा, आठवतं? तू वर्गात पाढे म्हणतानासुद्धा तसाच खाकरायचास आणि मार खायचास. हा नवा खाकरतच नाही.

चाहत्यांच्या ज्या ग्रुपमध्ये तू मला घेतलंस, तिथे रोज भांडणं चालतात. कुणी म्हणतो, आमच्या लहानपणाचं कार्टून करून टाकलं. कुणी म्हणतो, थर्माकोलचं यान दोरीवर हलायचं, त्यापेक्षा हे बरं. मी नुसतं वाचतो. एकदाच लिहिलं, ‘यानातली जमीन हिरवी होती, इथे राखाडी का केली?’ सगळे हसले. कुणीतरी जुन्या भागाचा तुकडा टाकून दाखवला. राखाडीच होती रे.

त्यांना काय सांगायचं? शहागडला हायवेवर तुझ्या अब्बांचं बॅटरीचं दुकान होतं. रविवारी वीज हमखास जायची, मग ट्रकवाल्यांनी चार्जिंगला ठेवलेली एखादी बॅटरी तू टीव्हीला जोडायचास. टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट, आणि त्याच्यासमोर ती प्लास्टिकची रंगीत काच. वर निळी, मधे गुलाबी, खाली हिरवी. त्यामुळे आकाश निळं, सगळ्यांची तोंडं गुलाबी आणि यानात गुडघ्यापर्यंत हिरवळ. मी विचारलं तेव्हा तू ठामपणे म्हणालास, “एवढ्या लांब जायचं म्हंजे दुधाला बकऱ्या लागतेत. मंग गवत नको का?” मला पटलं होतं.

बॅटरी उतरली की चित्र बाजूंनी आखडत जायचं. अब्बा ओरडायचे, “जल्दी काढ ती, गाडीवाला येऊन राह्यला.”

मग तो भाग. साथीदाराला आणायला कॅप्टन काळ्या ग्रहावर उतरला, मागे यानाचं दार बंद झालं आणि भाग संपला. पुढच्या रविवारी त्या वेळेला दुसराच कार्यक्रम लागला. मालिका बंद पडली हे आपल्या डोक्यातच आलं नाही. तू म्हणालास, अँटेना फिरलीय. पत्र्यावर चढून तू ती फिरवत राहिलास आणि मी खाली टीव्हीपुढे.

“दिग्या, आला का कॅप्टन?”

“न्हाई.”

“आता?”

“न्हाई रे.”

अब्बांनी दटावून उतरवलं तुला.

पुढे तू दुकानावर बसलास, मी अंबडला कापसाच्या जिनिंगमध्ये लागलो. भेटलो की तुझं तेच, “कॅप्टन मेला न्हाई दिग्या. बिलकुल न्हाई. गेल्ता तसा वापस येतंय बघ.” जालन्याच्या दवाखान्यात नाकात नळी असतानाही तू विचारलंस, परत चालू होणार म्हणतेत, खरंय का? मी म्हणालो, झाली की दोघं मिळून बघू. तूही मान हलवलीस. मग एवढी कसली घाई झाली होती तुला? राग येतो मला तुझा.

आतापर्यंतचे भाग मी जेवणाच्या सुट्टीत एकट्याने बघितले. चांगले केलेत, खोटं कशाला बोलू? पण भाग संपल्यावर भांडायला शेजारी कुणी नसतं. शेवटच्या भागाची तर भीतीच वाटते. इतकी वर्षं आपण दोघांनी मिळून वाट बघितली. तू गेल्यावरही ती वाट तेवढी आपल्या दोघांची राहिली होती. रविवारनंतर तीही उरणार नाही.

परवा भाभींना भेटलो. काचेचा विषय काढला तर म्हणाल्या, “हाय ना भाईजान. त्यांनी कधी फेकूच दिली न्हाई. पेटीमागं उभी केलीय.” कोपऱ्याला तडा गेलाय. निळा आणि गुलाबी विटलेत, हिरवा तेवढा टिकलाय.

तर ठरलं. रविवारी शहागडला येतो. तुझ्याच दुकानात टीव्हीला मोबाइल जोडतो, समोर ती काच लावतो आणि शेवटचा भाग बघतो. संपला की तसाच उठून कब्रस्तानात तुझ्याकडे येतो. कॅप्टन परतला असेल तर आधी खाकरीन, मग सांगीन. नसेल परतला तरी येईन. तू अजून पत्र्यावरून विचारतोच आहेस, आणि खालून उत्तर द्यायला मी एकटाच उरलोय.

तुझा,
दिग्या