बोलपट बिघडला त्या दिवशी

मिरज,
ता. ११ फेब्रुवारी १९४६

तीर्थरूप दादांस नानासोचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचे पत्र पोचले. आईचा गुडघा दुखतो ते कळले. इथे थंडी ओसरत आली आहे. दवाखान्यात जेवण बरे मिळते. हे पत्र नेहमीसारखे ओसरीवर मोठ्याने वाचू नका. एकट्याने वाचा.

मिरज स्टेशनावर तुम्ही मागून दोनदा हाक मारली आणि मी ट्रंक उचलून तसाच पुढे गेलो, असे तुम्ही लिहिले आहे. "लय मोठा झालास व्हय रं नाना? पलटणीत भाऊ इसरायला शिकवत्यात काय?" हे वाक्य मी पुष्कळदा वाचले. तुम्ही आला होता आणि माघारी गेलात, हे मला पत्रावरूनच कळले.

नाथाजीमामा अंजनाचे नि माझे लग्न वैशाखात उरकायचे म्हणतात, त्यांना काय सांगू, असेही तुम्ही विचारले आहे. त्याचेच उत्तर लिहायला बसलो आहे. आधी परवाची हकीकत लिहितो.

मैदानात तंबूचा सिनेमा आला आहे. शेजारच्या खाटेवर कोंडीबा आहे, आमच्याच पलटणीतला. त्याचा एक पाय गुडघ्याखाली नाही. त्याने पाटीवर लिहिले, "ऊठ गड्या, शिनिमाला जाऊ. मला पाय न्हाई, तुला कान न्हाई. दोगांत मिळून एक तिकीट बास."

दादा, ते तसे आहे. लढाईत जवळच तोफेचा गोळा फुटला तेव्हा मला कुठे ओरखडाही उठला नव्हता. उजवा कान त्याच दिवशी गेला. डाव्याने दिवाळीपर्यंत थोडे ऐकू येई. आता तोही गेला. डॉक्टरांनी नुसती मान हलवली.

तंबूत बोलपट होता. थोड्या वेळाने माणसे उठून उभी राहिली, हात नाचवू लागली. कोंडीबाने पाटी पुढे केली. "आवाजाचं यंत्र बिघडलं. आता समदीच भैरी."

मालकाने कुठून तरी जुने मुके चित्र काढून लावले. ओरखड्यांनी भरलेले. एक लुकडा माणूस खांद्यावर शिडी घेऊन रस्त्याने चाललेला. कोणी हाक मारली की तो वळे, आणि शिडीचे मागले टोक पोलिसाला लागे. पोलीस उठून ओरडे. तो काय म्हणतो ते ऐकायला हा पुन्हा वळे.

वॉर्डात कोणी विनोद केला की मी आधी इतरांची तोंडे बघतो, मग हसतो. थोडा उशीर होतो. तो सगळ्यांच्या लक्षात येतो. तंबूत मी कोणाकडे बघितले नाही. मी हसलो तेव्हाच बाकीचे हसत होते. कोंडीबा माझ्या पाठीत गुद्दे घालत होता. पलीकडे एक म्हातारी पदराने डोळे पुसत होती. मधल्या इंग्रजी पाट्या तिला वाचता येत नसणार. त्या लागतही नव्हत्या. ते चित्र माझ्या जन्माच्या सुमाराचे असेल. त्यातला माणूस आता म्हातारा झाला असेल, किंवा नसेलही. शिडी मात्र तेवढ्याच जोरात लागते.

दुसऱ्या दिवशी एकटाच गेलो. यंत्र दुरुस्त झाले होते. झाडाखाली दोघे बराच वेळ तोंडे हलवत होते, आणि सगळा तंबू मान पुढे काढून ऐकत होता. मी मध्येच उठून आलो.

सुपारी फुटली तेव्हा मी धडधाकट होतो. मामा चारचौघांत म्हणाले होते, "पोरगं बोलकं हाय, आमची पोर कटाळायची न्हाई." मी अजून बोलतो. आवाज किती मोठा निघतो ते मला कळत नाही. दादा, लग्न होऊन जाऊ दे, मग बघू, असे तुमच्या मनात येईल. तसे करू नका. दहिवडीला स्वतः जा. मामांना सांगा, आणि अंजनाला समोर बसवून सांगा. ती नको म्हणाली तर सुपारी मोडा, भांडू नका. हो म्हणाली तर वैशाख धरू नका. तिला आधी लिहायला शिकू दे.

आईला तुम्हीच सांगा.

तुमचा, एवढी एक गोष्ट सोडून बाकी सगळ्यात आज्ञाधारक,
नानासो